आकड्यांचा परकेपणा : एक प्रस्तावना

जून २०१९ मध्ये बालभारतीचे इयत्ता दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक महाराष्ट्रातल्या शाळांत पोचले आणि त्यावरून रान उठले. पुस्तकात दोन अंकी संख्या वाचण्याची एक जादा रीत दिली होती. २७ ला सत्तावीस म्हणावे, तसेच वीस सात असेही म्हणता यावे; ६२ म्हणजे बासष्ट, आणि साठ दोनसुद्धा. जुने शब्द काढून टाकलेले नव्हते, दोन्ही रीती दिलेल्या होत्या. तरीही वर्तमानपत्रांचे रकाने भरले, वाहिन्यांवर चर्चा झडल्या, विधानसभेत थट्टा झाली, आणि मराठी आता बुडाली असे मोबाइलवरून घरोघर कळवले गेले.

ज्या समितीने ही रीत सुचवली तिच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला सुवर्णपदक, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम, संख्यांच्या अभ्यासातच डॉक्टरेट, आणि पुढे ‘गणितगप्पा’सारखी पुस्तके लिहून सामान्य घरांतल्या मुलांना गणित गोड करून देण्यात घालवलेली वर्षे, अशी त्यांची पुण्याई. त्यांचे म्हणणे साधे होते. सत्तावीस ऐकताना मुलाच्या कानावर सात आधी पडतो, वीस मागून येतो. लिहिताना मात्र दोन आधी लिहायचा असतो. त्यात त्र्याहत्तर, सत्त्याऐंशी अशी जोडाक्षरे. ज्या मुलाला संख्या कळली आहे तेसुद्धा नावापाशी अडखळते, आणि अडखळले की गणित अवघड असते असे धरून बसते. त्यांचे हे म्हणणे खोडायचे तर वर्गातल्या मुलांकडे पाहून खोडायला हवे होते. ते करण्याच्या भानगडीत फार थोडे पडले. बहुतेकांना ती रीत चूक वाटली नव्हती, ती अनोळखी वाटली होती, आणि तेवढ्यावर निकाल लागला. मंगलाताई २०२३ साली गेल्या. त्यांच्या वाट्याला आलेल्या त्या गदारोळाची मला आजही खंत वाटते.

इथे छत्तीसगढातल्या भिलाईच्या पावर हाउस भागात राहणाऱ्या माणसाला तो गदारोळ अधिकच नवलाचा वाटला. मुंबई–हावडा मार्गावर दुर्ग सोडले की भिलाई नगर, आणि त्यापुढे भिलाई पावर हाउस हे स्टेशन. एका अंगाला पोलाद कारखान्याच्या वसाहतीचे सेक्टर, दुसऱ्या अंगाला कॅम्प एक, कॅम्प दोन, छावणी, पलीकडे खुर्सीपार. मधून जी.ई. रोड आणि बाजार. इथे कारखान्यामुळे सगळा देश येऊन राहिला: छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळी, बंगाली, ओडिया, पंजाबी, भोजपुरी, आणि विदर्भातून आलेले आम्ही. तेलुगू माणूस २७ ला इरवै एडु म्हणतो. इरवै म्हणजे वीस, एडु म्हणजे सात. तमिळ, मल्याळी, कन्नड माणूसही दहाची रास आधी सांगतो आणि सुटे मागून. कारखाना उभारायला आलेले रशियन इंजिनियरही आपल्या भाषेत असेच मोजत. म्हणजे जी रीत ऐकून महाराष्ट्राला धक्का बसला, ती पावर हाउसच्या भाजीबाजारात साठ वर्षांहून अधिक काळ रोज कानावर पडते आहे. बंगाली, पंजाबी, ओडिया आणि हिंदी ही आपल्यासारखी, सुटे आधी सांगणारी. दोन्ही तऱ्हांची माणसे एकाच काट्यावर वांगी तोलतात, एकमेकांना मोड परत देतात, आणि कुणाची भाषा बुडालेली नाही.

आणि खरे पाहता आपल्याला तरी ती रीत कुठे नवी होती? खेड्यातल्या जुन्या बायका विसांनी मोजत. दोन विसा सात, तीन विसा दहा, असे त्या आंबे आणि अंडी मोजताना म्हणत आणि हिशेबात चुकत नसत. छत्तीसगढीत विसाला कोरी म्हणतात. पाच कोरी म्हणजे शंभर. शाळा न पाहिलेली बाई रास आधी आणि सुटे मागून सांगत होती, कारण ढिगातून मोजताना हाताला तसेच सुचते. बाहेरच्या जगातही हे घडून गेले आहे. नॉर्वेत पूर्वी आपल्यासारखे सुटे आधी सांगत. टेलिफोनचे आकडे सांगताना घोळ होऊ लागले, तेव्हा १९५१ साली तिथे सरकारी निर्णयाने दशक आधी सांगायला सुरुवात झाली. आजही त्या देशात दोन्ही रीती ऐकू येतात.

टीका करणाऱ्यांना मूर्ख ठरवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्यांच्या रागात एक खरी काळजी होती, आणि भिलाईतल्या मराठी घराला ती काळजी फार जवळची आहे. इथला मराठी मुलगा शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी शिकतो. आजी एकोणऐंशी म्हणते, बाजारात उन्यासी म्हणतात, शाळेत सेव्हंटी-नाइन. हिंदीत उन्यासी आणि नवासी यांत मोठी माणसेही गोंधळतात. एक ७९, दुसरा ८९. शेवटी मूल सगळ्यावर एकच तोड काढते आणि फोन नंबर असो की किंमत, सुटे इंग्रजी आकडे म्हणू लागते. एकोणऐंशी हा शब्द त्या घरातून नाहीसा होतो. तो नाहीसा होऊ नये असे मलाही मनापासून वाटते. पण शब्द टिकवायचा तर आधी त्यामागची संख्या मुलाला आपली वाटायला हवी. जी गोष्ट मुलाला घाबरवते तिचे नाव ते कशाला जपेल?

या पुस्तकाचा विषय हाच आहे. गणित अवघड आहे का, हा प्रश्न मी बाजूला ठेवला आहे. काही गणित अवघड असतेच, जसे काही संगीत अवघड असते. पण ज्या गणितापुढे आपल्या आसपासची शहाणी, कर्तबगार माणसे गप्प होतात, ते बहुधा अवघड नसते. टक्के, व्याज, सरासरी, उतरता-चढता आलेख, शक्यता, एखादे अक्षर घेऊन मांडलेले समीकरण. या गोष्टी त्यांना फक्त एकाच ठिकाणी भेटलेल्या असतात, परीक्षेच्या हॉलमध्ये. तिथे वेळ मोजलेली, शेजाऱ्याशी बोलायला बंदी, आणि चुकले तर सगळ्यांसमोर आकडा लागणार. ज्याची गाठ आयुष्यात फक्त न्यायाधीश म्हणून पडली, त्याच्याशी कोणाचा घरोबा होईल? पुढे चाळीस वर्षे त्याचे नाव काढले तरी छातीत धडधडते, आणि धडधड सुरू झाली की मन आधी तिलाच सांभाळत बसते. हिशेबाला जागाच उरत नाही. मग उत्तर चुकते आणि भीती खरी ठरते.

अनोळखीपणा जाऊ शकतो, आणि तो जातो कसा हे याच शहराने पाहिले आहे. भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा रशियाशी करार २ फेब्रुवारी १९५५ ला झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेले आणि दुर्ग मागे राहिले. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला झाले. पहिला टप्पा दहा लाख टन पोलादाचा. या काळात गावाकडून आलेल्या मजुराच्या भोवतालचे जवळजवळ सगळे आकडे बदलले, याकडे इतिहास लिहिणाऱ्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

तो मजूर आला तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पई. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने किलो आणि ग्रॅम आले. शेर, जो आता ९३३ ग्रॅम निघत होता, हळूहळू दुकानांतून हद्दपार झाला. गावाकडे धान काठ्याने आणि खंडीने मोजले जाई, वीस काठ्यांची एक खंडी. इथे सगळे टनात. आपल्या इंजिनियरांचे शिक्षण फूट-इंचात झालेले, रशियन नकाशे मीटर-मिलिमीटरमध्ये. एका पिढीच्या हातातली सगळी मापे पाच-सात वर्षांत परकी झाली.

नव्या पैशाची कथा तर गणिताच्या वर्गात मुद्दाम सांगावी अशी आहे. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून सरकारने कोष्टक काढले: एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चार आण्यांना २५. आता पाहा. एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर १८ नवे पैसे पडतात, तिन्ही एकदम घेतल्या तर १९. कोणीही लबाडी केलेली नाही आणि तरीही एक पैसा इकडचा तिकडे झाला. ज्याला कोष्टकामागचे कारण ठाऊक नाही त्याला दुकानदार चोर वाटणार. ज्याला ठाऊक आहे तो तिन्ही वस्तू वेगवेगळ्या घेणार. पूर्णांकात आणण्याची ही गोष्ट पुस्तकात शिकायला कंटाळवाणी आहे. खिशातल्या पैशावर बेतली तेव्हा ती लोकांना चटकन कळली. सुरुवातीला तक्रारी झाल्या, भांडणे झाली, घोर लागला. काही वर्षांत नव्या पैशातला ‘नवा’ सरकारनेच काढून टाकला, कारण तो आता कोणालाच नवा नव्हता. यासाठी कोणी परीक्षा घेतली नाही. रोज हाताळून ओळख झाली, आणि ओळख झाल्यावर भीतीला कारण उरले नाही.

पण त्याच बदलात आपण काहीतरी गमावलेही. मराठी शाळांत पूर्वी एक ते तीसचे पाढे तर होतेच, शिवाय अपूर्णांकांचे पाढे होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. साडेतिनाचा पाढा तोंडपाठ असलेला समाज आता कोणाला खरा वाटेल? साडेतीन शेर तूप, शेराला सात आणे. औटकी येणारा माणूस दुकानात उभ्या उभ्या साडेचोवीस आणे म्हणे, आणि लगेच दीड रुपया अर्धा आणा काढून देई. सोळा आणे, चाळीस शेर, चार पावांचा शेर अशा जगात अर्धा, पाव, पाऊण या रोजच्या उठाठेवीच्या गोष्टी होत्या. दशमान पद्धती आली, हिशेब सोपा झाला, औटकी निरुपयोगी ठरली आणि शाळेतून गेली. इथवर ठीक. मात्र औटकीबरोबर अपूर्णांकांशी असलेली सलगीही गेली. आजच्या सहावीच्या मुलाला तीन छेद चार हे चिन्ह भेटते ते थेट फळ्यावर, आणि तेच पाऊण आहे हे कित्येकदा त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पाऊण तास खेळणारा, पाऊण किलो मटार आणणारा मुलगा पाऊण या संख्येला घाबरतो.

जुन्या पद्धतीची मी भलामण करतो आहे असे मात्र समजू नये. पंतोजींच्या शाळेत पाढा चुकला की छडी होती, आणि का असे विचारण्याची सोय नव्हती. पाठांतराने ज्यांची जीभ तयार झाली त्यांतल्या अनेकांना त्यापुढचे गणित परकेच राहिले. मुली तर त्या ओसरीवर बसतच नव्हत्या. सलगी हवी, धाक नको. आपल्याकडे दोन्ही एकाच पोत्यात बांधून आले आणि एकदमच फेकले गेले, हे आपले दुर्दैव.

त्याहून जुन्या काळात गणित आणि बाजार एकमेकांना किती जवळचे होते याचा एक दगडी पुरावा खानदेशात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला आणि त्याला दिलेली दाने त्यात कोरली आहेत. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात माल विकला गेला की गिऱ्हाइकाकडून जो वाटा राजाला मिळे, तो मठाला लावून दिला होता. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी एका मराठी गावातली भाजी-धान्याची खरेदी गणिताच्या अभ्यासाचा खर्च चालवत होती. आणि ज्या ‘लीलावती’चा तिथे अभ्यास चाले, ती ११५० ची रचना भुंगे, हंस, मोर, साप यांच्याशिवाय बोलत नाही. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा एका फुलावर, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा मधेच घोटाळत राहिला; तर थवा केवढा? उत्तर पंधरा. भास्कराचार्यांना हे कोरड्या चिन्हांत विचारता आले असते. त्यांनी आधी ओळख करून दिली, मग प्रश्न विचारला. शिकवणाऱ्याने एवढा एक क्रम पाळला तरी निम्मे काम होते, असे माझे मत आहे.

आमच्या काळाच्या जवळचा याच परंपरेतला माणूस म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण. आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. गणितात पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. संख्यांशी खेळणे हेच त्यांचे संशोधन, आणि देशातल्या अनेक मोठ्या गणितज्ञांना ते पोरखेळ वाटे. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी डेम्लो हे नाव दिले, ते जी.आय.पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनाचे, आजच्या डोंबिवलीचे. कल्पना तिथे सुचली म्हणून. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले तेव्हा जगाला देवळालीचा मास्तर कळला.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध कोणालाही कागदावर करून पाहता येतो. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा; उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरून. भिलाईच्या कराराचे वर्ष घेऊ, १९५५. ९५५१ वजा १५५९, राहिले ७९९२. मग ९९७२ वजा २७९९ म्हणजे ७१७३. पुढे ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि सहाव्या पायरीला ६१७४. आता ६१७४ वर तेच केले तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. तिथून सुटका नाही. झोतभट्टी पेटली ते वर्ष, १९५९, घेतले तर दुसऱ्याच पायरीला तिथे पोचता. कोणतीही संख्या घ्या, फार तर सातव्या पायरीला ६१७४ गाठतेच. तिसरीच्या वजाबाकीपलीकडे यात काही लागत नाही. मी हे घरकाम करणाऱ्या बायकांना, रिटायर झालेल्या फोरमनना, दुकानदारांना करायला दिले आहे. कागद मागून घेतात, आपल्या जन्मवर्षावर करून पाहतात, आणि शेवटी ‘असे का होते?’ म्हणून विचारतात. हा प्रश्न विचारणारा माणूस त्या क्षणी गणित करत असतो, आणि भीत नसतो.

इथे आमच्या शहराची एक विसंगती सांगायला हवी. भिलाई हे इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षांत यश मिळवणाऱ्या मुलांचे शहर म्हणून ओळखले जाते. कोचिंगच्या पाट्या चौकाचौकात आहेत. २०१६ पासून भिलाईच्या नावाची आयआयटीही आहे. घरात सतराव्या वर्षी कलनाची उदाहरणे सोडवणारे पोर, आणि त्याच घरात बँकेचा कागद वाचायची धास्ती घेणारे आईबाप, असे चित्र इथे नेहमीचे. गणित हे काही निवडक मुलांचे काम आहे आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, अशी एक अलिखित वाटणी झाली आहे. कोचिंगमध्ये जाणाऱ्या मुलांनाही गणिताची ओळख होते असे मला वाटत नाही. दोन मिनिटांत एक उदाहरण या वेगाने कोणाशी मैत्री होत नाही. त्यातली कितीतरी मुले परीक्षा संपली की पुन्हा म्हणून त्या विषयाकडे वळत नाहीत, आणि पुढे त्यांचीच मुले त्यांना घाबरताना पाहतात.

या अनोळखीपणाची किंमत मोजावी लागते, आणि ती गरिबाला अधिक. पावर हाउसच्या बाजारात टक्क्याने पैसे देणारे आहेत. शेकडा दोन, म्हणजे महिन्याला शंभरावर दोन रुपये. ऐकायला दोन, वर्षाला चोवीस होतात, आणि व्याज मुद्दलात मिळवत गेले तर २६.८. दुसरे उदाहरण हप्त्यांचे. बारा हजारांची वस्तू, बारा टक्के व्याज, बारा हप्ते. व्याज १,४४० रुपये, हप्ता १,१२० चा. बारा टक्केच तर आहे, असे वाटते. पण पूर्ण बारा हजार तुमच्याकडे फक्त पहिल्या महिन्यात असतात. पुढच्या महिन्यात अकरा, मग दहा, शेवटच्या महिन्यात एक हजार. वर्षभरात सरासरीने तुम्ही साडेसहा हजारच वापरले आणि त्यावर १,४४० दिले. म्हणजे दर बावीस टक्क्यांच्या घरात गेला. यासाठी बेरीज आणि भागाकार एवढेच लागते. ते येत नाही असा माणूस मला भेटलेला नाही. करून पाहायला हात धजत नाही असे शेकडो भेटले.

हिशेब कळणे ही या भागात नुसती सोयीची बाब कधीच नव्हती. १ जुलै १९९२ ला याच पावर हाउस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि अनेकांचे प्राण गेले. छत्तीसगढ मुक्ती मोर्चाच्या झेंड्याखाली आलेली ती माणसे होती. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची आदल्या वर्षी, सप्टेंबर १९९१ मध्ये, हत्या झाली होती. जगण्यापुरते वेतन ही त्या कामगारांची मागणी होती. जगायला किती लागते, कामाचे किती मिळते, आणि मधले कुठे जाते, हा शेवटी आकड्यांचाच प्रश्न आहे. आकड्यांना भिणाऱ्या माणसाला तो दुसऱ्याच्या तोंडून विचारावा लागतो.

ओळखीच्या गोष्टींतून अनोळखीकडे जावे, एवढेच धोरण ठेवून मी हे पुस्तक लिहिले आहे. म्हणून यात भिलाईचा रूळही आहे. आपला कारखाना १३० मीटरचा अखंड रूळ बनवतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा. पोलाद एक अंश सेल्सिअस तापले की दर मीटरमागे मीटरचे बारा दशलक्षांश वाढते. हा आकडा ऐकून माणूस मान फिरवतो, इतका तो लहान आणि परका. आता डिसेंबरची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत रुळाच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक धरा. २६० गुणिले पन्नास, गुणिले बारा दशलक्षांश: १५.६ सेंटिमीटर. पसरलेल्या वितीहून कमी. मोकळा सोडला तर तो रूळ एवढा लांबेल. जखडून ठेवला म्हणून ते वाढणे आतल्या आत ताण होऊन राहते, आणि रूळ घालणाऱ्यांना त्याचा हिशेब ठेवावा लागतो. दशलक्षांश हा शब्द रुळावर ठेवला की हाताला लागतो.

पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. व्याजाचे प्रकरण ज्यांना आधी हवे त्यांनी तिथून सुरू करावे. संख्यांच्या नावांचे प्रकरण लहान मुलांच्या घरांसाठी आहे. शक्यतेच्या प्रकरणात लॉटरी आणि डॉक्टरी तपासण्या आल्या आहेत, ते मात्र सावकाश वाचावे. समीकरणे आहेत. ती मी टाळलेली नाहीत, कारण टाळली असती तर वाचकाला पुन्हा एकदा ‘हे तुझ्यासाठी नाही’ असे सांगितल्यासारखे झाले असते. प्रत्येक समीकरणाआधी तीच गोष्ट साध्या मराठीत सांगितली आहे. वाचताना शेजारी कागद आणि पेन्सिल असू द्या. नुसते डोळ्यांनी वाचलेले गणित दुसऱ्या दिवशी पुन्हा परके होते. चुकले तर खोडा. इथे गुण द्यायला कोणी नाही.

आणि एक विनंती, विशेषतः आईवडिलांना आणि आजीआजोबांना. गणित घेऊन बसलेल्या मुलासमोर ‘मलाही कधी जमले नाही’ असे म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा, त्याला उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा, आणि तुम्हाला कळले नाही तर त्यालाच विचारा. उत्तर दोघांना मिळून शोधायला अर्धा तास लागला तरी चालेल.